तेलविहीर मोजायची तर आधी आवरावी लागते

'विहीर' या शब्दामुळे इथे जरा दिशाभूल होते. काठावरून वाकून बघावं आणि खाली पाणी दिसावं, असं तेलविहिरीत काही नसतं. ते नुसतं एक भोक असतं. वर रुंद, खाली टप्प्याटप्प्याने निमुळतं होत गेलेलं, तळाशी जेमतेम वीतभर, पण खोली दोन, तीन, कधी पाच किलोमीटर. तळाच्या खडकातल्या बारीक छिद्रांत तेल, गॅस आणि खारं पाणी दाबाखाली बसलेलं असतं. दाब किती, याचा अंदाज बांधणं सोपं आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो. त्या हिशेबाने तीन हजार मीटरवर तीनशे वातावरण, म्हणजे तेलवाल्यांच्या मापात सुमारे ४,४०० पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. काही खडकांत दाब या हिशेबापेक्षा बराच जास्तही निघतो.

विहीर खोदून झाली म्हणजे तेल मिळालं असं होत नाही. खडक किती वेगाने तेल देईल, किती काळ देईल, सोबत किती गॅस आणि किती पाणी येईल, हे वर आलेल्या दगडाच्या चुऱ्यावरून अर्धवटच कळतं. खात्री करायची तर विहीर काही तास किंवा काही दिवस वाहू द्यायची, मग बंद करायची, आणि दोन्ही वेळी दाब कसा हलतो ते टिपायचं. याला वेल टेस्टिंग म्हणतात. कल्पना एवढीच आहे.

अडचण वाहू देण्यात आहे. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप इथली विहीर उसळली. तेलाचा फवारा शंभर फुटांच्या वर गेला आणि ती आटोक्यात यायला नऊ दिवस लागले. त्या विहिरीने दिवसाला लाखभर पिंपं तेल ओकलं असं सांगतात, पण तो अंदाजच. तेल शेतात पसरत होतं, गॅस हवेत जात होता, मोजणार कुठे आणि कशाने? विहीर हातात नसेल तर तिचा आकडाही हातात येत नाही. चाचणीच्या वेळी विहिरीच्या तोंडाशी जो लोखंडी पसारा मांडतात, त्याच्याकडे बहुतेक लोक सुरक्षेची व्यवस्था म्हणून बघतात. ती आहेच. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग मोजमापासाठीही तितकाच लागतो, आणि एक भाग तर दोन्ही कामं एकाच छोट्या भोकातून करतो. तिथे पोचायला दोन-तीन थांबे आहेत.

विहिरीच्या तोंडाशी

खालून तेल वर आणणारी चाचणीची नळी समुद्रातल्या रिगच्या, म्हणजे खोदकामाच्या मंचाच्या, डेकवर किंवा जमिनीवर येते, तिथे तिच्या डोक्यावर फ्लोहेड बसवतात. फुलीच्या आकाराचा जड पोलादी ठोकळा आणि त्यात चार-पाच व्हॉल्व्ह. उभ्या वाटेवर मास्टर व्हॉल्व्ह आणि सगळ्यात वर स्वॅब व्हॉल्व्ह. स्वॅब उघडून तारेला बांधलेली उपकरणं खाली सोडता येतात. आडव्या दोन हातांपैकी एक प्रवाहाचा. दुसऱ्याचं नाव 'किल विंग', आणि काम नावाप्रमाणेच: प्रकरण हाताबाहेर जायला लागलं, तर इथून पंपाने जड द्रव विहिरीत ढकलायचा. त्याच्या वजनाने खालचा दाब तोलला जातो आणि विहीर 'मरते'. तरंगत्या रिगवर आणखी एक गंमत असते. फ्लोहेड खालच्या नळीला, पर्यायाने समुद्रतळाला जखडलेला, आणि रिग लाटांबरोबर वरखाली होणारी. म्हणून तिथे फ्लोहेडपासून डेकपर्यंत ताठ पाइप चालत नाही, उच्च दाबाचा लवचीक होज लागतो.

प्रवाहाच्या हातावरचा व्हॉल्व्ह नीट बघण्यासारखा आहे. त्याच्या आत एक दणकट स्प्रिंग त्याला सतत बंद करू पाहत असते आणि बारीक नळीतून आलेला हायड्रॉलिक तेलाचा दाब तिला थोपवून व्हॉल्व्ह उघडा धरतो. म्हणजे उघडं राहायला शक्ती लागते, बंद व्हायला काहीच लागत नाही. बारीक नळी फुटली, आगीत जळली, कोणी लाल बटण दाबलं, पंप बंद पडला, काहीही झालं तरी निकाल एकच: विहीर बंद. अशी बटणं रिगवर ठिकठिकाणी लावलेली असतात. थोडं पुढे, चोकच्या, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या छोट्या भोकाच्या, आधी याच तत्त्वावरचा आणखी एक व्हॉल्व्ह असतो. पाइपांवर ठिकठिकाणी 'पायलट' नावाचे छोटे पहारेकरी बसवतात. हाय पायलट दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की हायड्रॉलिक तेल सोडून देतो. लो पायलट दाब फार खाली आला की तेच करतो. वाढलेल्या दाबाची भीती कोणालाही समजते. अचानक पडलेला दाब मात्र नवख्याला चांगली बातमी वाटतो. त्याचा अर्थ बहुधा कुठेतरी पाइप फुटलाय आणि विहीर बाहेर वाहतेय, असा असतो.

हे सगळे पाइप तात्पुरते असतात. ट्रकने किंवा बोटीने येतात, चाचणीपुरते जोडले जातात, संपली की सुटे होऊन परत जातात. जोड हॅमर युनियनचे: एका टोकावर आटे, दुसऱ्यावर तीन कानांचं नट, आणि त्या कानांवर हातोडा मारून आवळायचं. यात एक जुना सापळा आहे. दोन इंची युनियनमध्ये '६०२' आणि '१५०२' असे प्रकार आहेत. पहिला ६,००० पीएसआयचा, दुसरा १५,००० चा. दिसायला जवळजवळ सारखे. एकाचं मादी टोक आणि दुसऱ्याचं नट एकमेकांत बसतात, आवळले जातात, हाताला घट्टही लागतात. दाब चढला की सुटतात, आणि सुटलेला पाइप काय करतो हे सांगायला नको. अशा मिश्र जोडांनी माणसं मेली आहेत. म्हणून विहीर उघडण्यापूर्वी सगळी मांडणी दाब देऊन तपासतात, तीही शक्यतो पाण्याने. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे जोड सुटला तर पिचकारी उडते आणि दाब लगेच संपतो. दाबलेली हवा मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. अर्थात पाण्याचा दाब दिला म्हणून चुकीचा जोड दर वेळी पकडला जाईलच असं नाही. प्रत्येक युनियनवरचा ठसा वाचणं हाच खरा इलाज.

सगळा खेळ भोकाचा

आता चोक मॅनिफोल्ड. प्रवाह इथे दोन समांतर वाटांत विभागतो आणि प्रत्येक वाटेला मागेपुढे व्हॉल्व्ह असतात. एका वाटेवर ॲडजस्टेबल चोक: सुईसारखा शंकू चाक फिरवून पुढेमागे करायचा. दुसऱ्या वाटेवर फिक्स्ड चोक: ठरावीक व्यासाचं भोक असलेली कठीण धातूची नळकांडी. तिला 'बीन' म्हणतात. विहीर उघडताना आधी ॲडजस्टेबलमधून हळूहळू वाहू देतात, कारण सुरुवातीला खोदकामाचा चिखल, मीठपाणी, कचरा सगळं बाहेर येतं. प्रवाह स्वच्छ झाला की फिक्स्ड बीनवर वळवतात. सुई झिजली की चाकावरचा आकडा आणि खरं भोक यांचा मेळ राहत नाही, उलट बीनचं भोक तेवढंच असतं. दोन वाटा असण्याचा मोठा फायदा हा, की एक बीन बदलताना विहीर बंद करावी लागत नाही.

भोकाचा आकार इंचाच्या ६४व्या भागात मोजतात. ३२/६४ म्हणजे सरळ अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. शाळेत अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं नाही तर गुण कापले जायचे. इथे जगभर कोणी संक्षिप्त रूप देत नाही. १६, २४, ३२, ४८ असे नुसते वरचे आकडे बोलले जातात, आणि तुलना तोंडी होते.

भोक लहान ठेवून प्रवाह कमी करायचा, हे नळाच्या तोटीइतकंच उघड आहे. पण चोकचं खरं काम वेगळं आहे. समजा भोकातून जाणारा प्रवाह इतका वेगवान झाला की त्याने त्या द्रव्यातला ध्वनीचा वेग गाठला. दाबातला कोणताही बदल पाइपातून ध्वनीच्याच वेगाने पसरतो. आता चोकच्या पुढच्या बाजूला काही गडबड झाली, तेल, गॅस आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीचा, सेपरेटरचा, दाब वरखाली झाला, कोणी व्हॉल्व्ह फिरवला, तर त्याची बातमी उलट दिशेने विहिरीकडे जायला निघते, पण भोकात तिच्याइतक्याच वेगाने प्रवाह समोरून येत असतो. बातमी तिथेच अडते. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडतं तिथे असंच होतं. खालच्या डोहात दगड टाका, पाणी ढवळा, तरंग बंधारा चढून वर जात नाहीत आणि वरच्या पाण्याला खालचं काही कळत नाही. याला क्रिटिकल फ्लो म्हणतात. नैसर्गिक गॅससाठी हे साधतं ते पुढचा दाब मागच्या दाबाच्या साधारण ५५ टक्क्यांखाली असेल तेव्हा. व्यवहारात 'पुढचा दाब मागच्याच्या निम्म्याहून कमी ठेवा' एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. तेल आणि गॅस मिसळून येत असतील तर त्या मिश्रणातला ध्वनीचा वेग बऱ्याचदा दोघांच्याही स्वतंत्र वेगापेक्षा कमी असतो, ही पहिल्यांदा ऐकताना पटत नाही अशी गोष्ट.

चाचणीत याचं मोल फार आहे. आपल्याला खडकाचा प्रतिसाद ऐकायचा असतो: प्रवाह अमुक इतका ठेवला तर तळाचा दाब तासागणिक कसा उतरतो. प्रवाहच डळमळत राहिला तर उतरणारा दाब खडकामुळे की डेकवरच्या कुठल्या व्हॉल्व्हमुळे, हे सांगता येणार नाही. चोक पुढचा सगळा गोंगाट विहिरीपासून तोडतो. मागचा दाब आणि भोकाचा व्यास या दोनच गोष्टी प्रवाह ठरवतात. म्हणूनच सेपरेटरमध्ये मोजमाप सुरू व्हायच्या आधीही चोकवरून प्रवाहाचा कच्चा अंदाज काढता येतो. गिल्बर्ट यांनी १९५४ मध्ये दिलेलं सूत्र अजून त्यासाठी वापरतात. त्यात प्रवाह मागच्या दाबाच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या १.८९व्या घाताने वाढतो. म्हणजे भोक दुप्पट केलं तर प्रवाह जवळपास ३.७ पट. दाब तितकाच राहिला तर, हे वाक्य इथे जोडायलाच हवं, कारण तो राहत नाही. भोक मोठं केलं की वरचा दाब खाली येतो, आणि तो किती येतो यातच विहिरीचा स्वभाव दिसतो.

या भोकाचा शत्रू वाळू. कच्च्या खडकातून तेलाबरोबर वाळूचे कण येतात आणि ध्वनीच्या जवळपासच्या वेगाने बीनमधून जाताना टंगस्टन कार्बाइडसारखी कठीण धातूही खरवडतात. बीन झिजली की व्यास वाढतो आणि ३२ समजून मोजत असलेला चोक प्रत्यक्षात ३४ झालेला असतो. आकडे शांतपणे खोटे होत जातात. वाळू जास्त असेल तर चोकच्या आधी सँड फिल्टर किंवा प्रवाहाला गरगर फिरवून कण बाजूला टाकणारा सायक्लोन बसवतात.

आणखी एक गोष्ट चोकपाशी बदलते: लोखंडाची जाडी. चोकच्या मागचं सगळं १०,००० किंवा १५,००० पीएसआयचं. पुढचा सेपरेटर बहुधा १,४४० चा. वाहताना हे ठीक आहे, दाब चोकमध्येच उतरतो. पण पुढे कोणी चुकून व्हॉल्व्ह बंद केला तर प्रवाह थांबतो, आणि प्रवाह थांबला की चोक काहीच उतरवत नाही. भोक केवढंही बारीक असो, थोड्याच वेळात दोन्ही बाजूंचा दाब सारखा. विहिरीचा पूर्ण दाब पातळ लोखंडात. हे टाळण्यासाठी हाय पायलट, सेपरेटरवर रिलीफ व्हॉल्व्ह, असे थर असतात. पण पहिला थर सवयीचा आहे: उघडताना पुढून मागे या, बंद करताना विहिरीच्या बाजूने सुरुवात करा. कारागीर हे विचार न करता करतात, तसंच ते असायला हवं.

थंडी

दाब एकदम उतरला की गॅस गार होतो. जूल आणि थॉमसन यांनी १८५०च्या दशकात दाखवलेला हा परिणाम नैसर्गिक गॅसमध्ये ढोबळमानाने दर वातावरणाला अर्धा अंश इतका पडतो. चोकमध्ये शंभर वातावरण उतरवले तर पन्नास अंश गेले. भर उन्हात चोकच्या पुढच्या पाइपावर पांढरा दहिवर जमलेला दिसतो तो यामुळे. आता गॅसबरोबर पाण्याची वाफ असतेच. दाबाखाली पाण्याचे रेणू गॅसच्या रेणूंभोवती पिंजरे बांधतात आणि बर्फासारखा घन पदार्थ तयार होतो, हायड्रेट. त्याला गोठणबिंदूची वाट बघावी लागत नाही. शंभर वातावरण दाबाखाली तो दहा अंशांनाही मजेत टिकतो. पाइप बंद पडतात ते पाण्याच्या साध्या बर्फाने नव्हे तर या हायड्रेटने, हे हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये लक्षात आणून दिलं. आणि बंद पडलेला पाइप म्हणजे आत्ताच बघितलेला प्रसंग: पुढची वाट बंद, मागून विहीर. उपाय दोन. चोकच्या आधी मिथेनॉल किंवा ग्लायकॉल टोचायचं, किंवा चोकनंतर हीटरमधून प्रवाह न्यायचा. जमिनीवर ज्योतीने तापवलेल्या पाण्याच्या टाकीत वेटोळी बुडवतात. समुद्रात उघडी ज्योत नको म्हणून वाफ वापरतात. घट्ट, मेणचट तेलालाही हीच ऊब उपयोगी पडते.

तिघांना वेगळं करणं

यानंतर सेपरेटर. सुमारे ४२ इंच व्यासाची, दहा-पंधरा फूट लांबीची आडवी टाकी. यात प्रवाह आत शिरताच एका पत्र्यावर आदळतो, वेग मोडतो, गॅस वर जातो, द्रव खाली पडतो. पाणी जड म्हणून तळाशी, त्यावर तेल. टाकीच्या आत आडवी भिंत, वियर, असते. तेल तिच्यावरून पलीकडच्या कप्प्यात सांडतं, पाणी अलीकडेच राहतं. गॅस बाहेर पडण्याआधी जाळीसारख्या थरातून जातो, तिथे त्याला चिकटलेले तेलाचे थेंब गळून पडतात. पंप कुठेच नाही. गॅसच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह टाकीत ठरावीक दाब राखतो आणि तोच दाब तेलाला आणि पाण्याला बाहेर ढकलतो. हे सगळं व्हायला द्रवाला टाकीत मिनिटभर तरी राहायला मिळालं पाहिजे. तेल फेसाळणारं असेल तर ते मिनिट पुरत नाही.

तिन्ही वाटांवर मीटर असतात. तेलाला आणि पाण्याला फिरत्या पात्यांचे किंवा तसलेच. गॅसला ओरिफिस मीटर: पाइपात मधोमध भोक असलेली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक. हा फरक प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, प्रवाह दुप्पट तर फरक चौपट. म्हणून एकच चकती लहान-मोठ्या सगळ्या प्रवाहांना पुरत नाही. दाब न सोडता चकती बदलता यावी अशी दोन खणांची पेटी त्यासाठी असते.

मीटरने दाखवलेलं पिंप हे मात्र खरं पिंप नव्हे. सेपरेटरमधलं तेल अजून दाबाखाली असतं आणि सोड्याच्या बाटलीसारखा त्यात गॅस विरघळलेला असतो. साध्या हवेत आणलं की उरलेला गॅस निघून जातो आणि तेल आकसतं. कोमट तेल थंड झालं की आणखी थोडं. म्हणून काही तेल गेज टँकमध्ये घेतात, पातळी मोजतात, आणि सेपरेटरच्या आकड्याला किती टक्के कात्री लावायची ते ठरवतात. गेज टँक उघडा असतो. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल तर तो वापरत नाहीत, बंद सर्ज टँक घेतात. या विषारी वायूचा सडक्या अंड्यांचा वास एक पीपीएमच्याही (दहा लाख भागांत एक भाग) खाली येतो, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं इथे समजायचं नसतं.

सेपरेटर स्थिर झाला की तेलाचे आणि गॅसचे नमुने एकाच वेळी घेतात. प्रयोगशाळेत ते मोजलेल्या प्रमाणात पुन्हा मिसळून खडकातलं मूळ द्रव्य परत उभं करतात. प्रमाण चुकलं तर भलतंच द्रव्य तयार होतं, आणि पुढची वीस वर्षं त्या क्षेत्राचे हिशेब त्यावर चालतात. मला स्वतःला सेपरेटरचं हे काम रोजच्या पिंपांच्या मोजदादीपेक्षा मोलाचं वाटतं.

मोजून झालेल्या तेलाचं काय करायचं? पाइपलाइन अजून नसते. जमिनीवर टाक्या भरून नेता येतं. समुद्रात अनेकदा जाळतात. रिगच्या दोन बाजूंना लांब बूम, म्हणजे समुद्रावर बाहेर काढलेले हात, असतात, वारा ज्या बाजूने दूर जाईल त्या बाजूचा बर्नर चालवायचा. तेलाचा हवेच्या झोताने बारीक फवारा करतात, नाहीतर काळा धूर आणि पाण्यावर न जळालेला तवंग. आगीची धग रिगला लागू नये म्हणून मध्ये पाण्याचा पडदा सोडतात. चाचणीचे फोटो म्हणून जे छापले जातात ते याच ज्वाळेचे असतात. मोजमापाच्या दृष्टीने तिथे काहीच घडत नसतं.

विहीर बंद केल्यावर

चाचणीतला सगळ्यात कामाचा भाग ज्वाळा विझल्यावर सुरू होतो. विहीर बंद करतात आणि तळाचा दाब हळूहळू परत चढताना टिपतात. हॉर्नर यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने हा चढ विशिष्ट कागदावर आखला तर सरळ रेषा मिळते. तिच्या उतारावरून खडकातून द्रव किती सहज वाहतो ते निघतं, आणि ती पुढे वाढवली की खडकाचा मूळ दाब. पण आधीचा प्रवाह स्थिर होता, तरच. चोकने तासन्‌तास धरून ठेवलेल्या प्रवाहाचं फळ इथे मिळतं.

मग बंद कुठे करायची? डेकवर चोकपाशी बंद करणं सोपं. पण साडेतीन इंची नळी तीन हजार मीटर खोल असेल तर तिच्यात तेरा-चौदा हजार लिटर द्रव्य मावतं, आणि त्यात गॅस असला की ते दाबलं जातं. वर दार लावलं तरी खडक खाली नळीत भरतच राहतो. पहिले काही तास दाबमापक खडकाबद्दल बोलतच नाही, नळी भरण्याबद्दल बोलतो. म्हणून खडकाच्या जवळ, नळीच्या तळाशी, वरून हुकूम देऊन मिटणारा वेगळा व्हॉल्व्ह ठेवतात, आणि त्याच्या खाली एक पीएसआयचा शंभरावा भाग ओळखणारे क्वार्ट्झचे मापक. तो मिटला की वरच्या लोखंडाचं मोजमापातलं काम संपतं. फ्लोहेड, चोक, हीटर, सेपरेटर सगळे गप्प. डेकवरच्या काट्यावर दिसणारा दाब आता फक्त नळीत अडकलेल्या द्रव्याचा असतो, आणि तरीही पाळीवरचा माणूस दर पंधरा मिनिटांनी तो वहीत लिहीत राहतो. खालचा व्हॉल्व्ह गळायला लागला, तर ते आधी त्याच काट्यावर कळणार असतं.